लेकुरवाळ्या बाईनं घरी राहून कमवावं कसं? विदर्भातल्या खेड्यांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बचत गटाची बैठक उरकली की चारदोन बाया मागं थांबतात आणि हेच विचारतात. यवतमाळ-वर्ध्याच्या कापूस-सोयाबीनच्या गावांत प्रश्न थोडे वेगळे, भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात वेगळे, गडचिरोलीत आणखी वेगळे. मुळात गोष्ट एकच असते: लेकरू लहान आहे, वावरात जाता येत नाही, पण हातात आपले चार पैसे हवेत. उत्तरं देताना मी एक गोष्ट कुठंच सोडलेली नाही, ती म्हणजे तुमच्या हाताची मजुरी. ती हिशोबात धरल्याशिवाय घरचा धंदा नफ्यात आहे की तोट्यात, हे कळतच नाही.

भांडवल नाही, शिक्षण दहावीपर्यंत. मी काय करू शकते?

धंद्यांची यादी पाहण्याआधी आपला दिवस पाहा. लेकरू पाळण्यातलं असेल तर सलग वेळ मिळत नाही. पाऊण तास बसलं की उठावं लागतं. अशा वेळी मध्येच सोडून परत हातात घेता येईल असंच काम टिकतं: ब्लाउजची हातशिलाई, फॉल-पिको, शेळ्या, पहिली ते चौथीच्या पोरांची शिकवणी. पापडाचं पीठ एकदा मळलं की ते कुणासाठी थांबत नाही. लेकरू अंगणवाडीत जायला लागलं की सकाळचे दोन-तीन तास मोकळे होतात. वाळवण, मसाले, डबे ही कामं तेव्हा घ्यावीत. तेलाची कढई आणि रांगतं लेकरू एका खोलीत नको, मग ऑर्डर कितीही मोठी असो.

मग गाव पाहा. गावातल्या बाया तालुक्याला जाऊन पैसे देऊन काय करून आणतात? ब्लाउज शिवून आणतात, मिरची कांडून आणतात, शेवया पाडून आणतात. एसटीत बसून बाहेर जाणारा हा पैसा गावातच अडवता येतो का, इथून विचार सुरू करा. पहिलं काम थोड्या पैशांत उभं राहणारं आणि महिना-दोन महिन्यांत पैसे दाखवणारं घ्या. मोठी यंत्रं नंतर.

पापड, कुरड्या, मुंगवड्या तर सगळ्याच बाया करतात. त्यात खरंच काही उरतं का?

उरतं, पण किती उरतं ते कागदावर मांडलं तरच. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून पूर्ण हिशोबच मांडते. भाव तुमच्या गावचे टाका, रीत हीच ठेवा.

समजा ५ किलो मूग डाळीच्या वड्या घालायच्या आहेत. डाळ ११० रुपये किलोनं ५५०. हिरवी मिरची, आलं, लसूण, जिरं, मीठ, हिंग मिळून ८०. दळणाचे ५०. वाळल्यावर, चुरा बाजूला काढून, विकण्यासारखा साडेचार किलो माल हाती आला असं धरू. त्याची पाव किलोची १८ पाकिटं होतात. पाकीट आणि लेबल ४ रुपयांना पडलं तर ७२. बाजाराला जायचं-यायचं भाडं ६०. एकूण खर्च ८१२ रुपये.

पाकीट ६० रुपयांना विकलं तर हाती १,०८० येतात, म्हणजे उरले २६८. आता डाळ भिजवणं, वड्या घालणं, उन्हात राखणं, पाकिटं भरणं यात दोघी जणींचे सहा-सहा तास गेले असतील, तर १२ तासांचे २६८. तासाला २२ रुपये. त्यापेक्षा निंदणाला गेलेल्या बाईला जास्त मिळत असेल, तर तुम्ही धंदा केला नाही, स्वस्तात मजुरी केली. तेच पाकीट ७० ला विकलं तर उरतात ४४८, तासाला ३७. फक्त १० रुपयांचा फरक, पण त्यात काम परवडायला लागतं.

बाया नेमक्या याच १० रुपयांसाठी कचरतात. "शेजारची ५५ ला देते," म्हणतात. शेजारची स्वतःची मजुरी धरत नाही, म्हणून देते. भाव पाडण्याऐवजी माल वेगळा करा: कोहळं किसून घातलेल्या वड्या, सांबार (कोथिंबीर) घातलेल्या वड्या, एकसारखा आकार, चुरा नाही, खडा नाही. कुरड्या आणि पापड दुकानात कंपनीचेही मिळतात. सरगुंडे, ज्वारीच्या खारोड्या, जवसाची चटणी कंपन्या सहसा करत नाहीत. तिथं भाव तुमच्या हातात असतो.

आपल्याकडे उन्हाची कमी नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो आणि माल लवकर कडक वाळतो. अडचण धुळीची असते. वारावादळ सुटलं की गच्चीवरच्या वाळवणावर माती बसते आणि दाताखाली कचकच आली की तो गिऱ्हाईक परत येत नाही. पातळ मलमलीचं कापड वरून ताणून बांधा. माल पूर्ण गार झाल्याशिवाय पाकिटात भरू नका. कोमट वडी बंद केली की आत घाम धरते आणि पावसाळ्यात बुरशी येते.

खाण्याचा माल विकायला परवाना लागतो का? आम्ही तर घरच्या घरीच करतो.

लागतो. घरी केलं म्हणून सूट नाही. पण लहान धंद्याला साधी नोंदणी पुरते: वर्षाची विक्री १२ लाखांच्या आत असेल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी वर्षाला १०० रुपये सरकारी फीमध्ये होते. अर्ज ऑनलाइन असतो. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा घेऊन सेवा केंद्रात गेलात तर भरून देतात. त्यांची मेहनत वेगळी द्या, पण "परवान्याचे तीन हजार" मागणाऱ्या दलालाच्या नादी लागू नका. मिळालेला १४ अंकी नंबर पाकिटावर छापायचा असतो. सोबत मालाचं नाव, त्यात काय काय आहे, वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, किती दिवस टिकतो, तुमचं नाव-पत्ता आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, हीही करून ठेवा, ती पूर्ण मोफत आहे आणि बँकेत विचारतात. जीएसटीची काळजी आत्ताच नको. आपल्या राज्यात मालाच्या विक्रीवर ती नोंदणी साधारणपणे वर्षाला ४० लाखांच्या पुढे लागते. फक्त परराज्यात माल विकायचा झाला तर आधी जाणकाराला विचारा.

माल केला, पण विकायचा कुठं? गावात तर प्रत्येकीच्या घरी वाळवण असतं.

गावात विकू नका. गिऱ्हाईक जिथं आहे तिथं माल न्या.

पहिलं गिऱ्हाईक लग्नघर. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते आणि रुखवतात मांडायला सरगुंडे, रंगीत कुरड्या, शेवया, पापड लागतात. आता मुलीकडच्या बायांनाही नोकऱ्या आहेत, वेळ नाही, त्या पैसे देऊन करून घेतात. गावातल्या आणि नात्यातल्या ठरलेल्या लग्नांची बातमी तुम्हाला इतरांआधी असते. साक्षगंधाच्या वेळीच बोलून ठेवा आणि निम्मे पैसे आगाऊ घ्या.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे नोकरीसाठी नागपूर-पुण्याला गेलेली आपलीच माणसं. घरच्या चवीसाठी ती चार पैसे जास्त देतात. व्हॉट्सअ‍ॅपवर यादी, भाव आणि वाळवणाचे खरे फोटो टाका. एसटी पार्सलनं किंवा पोस्टानं माल जातो, मात्र वड्या-कुरड्या फुटतात, म्हणून प्लास्टिकच्या डब्यात भरून पाठवा आणि डब्याचे पैसे भावातच धरा.

तालुक्याच्या शाळेतल्या शिक्षिका, दवाखान्यातल्या नर्सताई, बँकेतले लोक हे बारमाही गिऱ्हाईक. एकीनं घेतलं की स्टाफरूममध्ये दहा जणी विचारतात. गटात असाल तर बचत गटांसाठीच्या सरकारी उमेद अभियानाची प्रदर्शनं असतात: जिल्ह्याची असतात, मुंबईत महालक्ष्मी सरस भरतं. उमेदमार्ट नावाची ऑनलाइन जागाही आहे. प्रदर्शनाला जाताना एकीनं हिशोब, एकीनं विक्री आणि घरी लेकरांजवळ कोण, हे आधी ठरवून निघा.

किराणा दुकानात ठेवायला दिलं तर दुकानदार आपला हिस्सा कापतो आणि पैसे उशिरा देतो. पहिल्या वर्षी हे टाळलेलं बरं.

शिलाई शिकले आहे, पण गावात चार जणी शिवतात. मला काम मिळेल का?

अस्तराचा ब्लाउज मापात बसवणारी बाई कधी रिकामी बसत नाही. साधा ब्लाउज सगळ्यांना येतो. गळ्याची, बाहीची नवी तऱ्हा येत असेल तर नवरात्र, महालक्ष्म्या आणि लग्नसराईत रात्री जागावं लागतं. मधल्या महिन्यांत काय, हा खरा प्रश्न. फॉल-पिको, जुन्या कपड्यांची दुरुस्ती, गोधड्या, कापडी पिशव्या चालतात. आणि एक खास आपलं काम: तान्हा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं लाकडी नंदी सजवून निघतात आणि झुली, बाशिंगं, गोंडे बाजारातून विकत येतात. चिंध्या-कात्रणातून होणारं काम आहे. आषाढात बसलात तर श्रावणाच्या शेवटी तालुक्याच्या बाजारात दुकान मांडता येतं.

शिलाई हा तुमचा चालू व्यवसाय असेल तर पीएम विश्वकर्मा योजनेत दर्जीकाम येतं. प्रशिक्षणात रोजचे ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर आणि पुढं १ लाखापर्यंतचं पहिलं कर्ज ५ टक्के व्याजानं, अशी तिची रचना आहे. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. नवे अर्ज घेणं चालू आहे का ते सेवा केंद्रात विचारून घ्या.

शेळ्या, कोंबड्या, म्हैस यातलं काय परवडतं?

लहान लेकराच्या आईला शेळी. दोन-तीन शेळ्यांपासून सुरू करा आणि बाहेरची दिखाऊ जात आणण्यापेक्षा आपली बेरारी घ्या. इथल्या उन्हाला आणि इथल्या चाऱ्याला ती सरावलेली आहे. गाभण राहिली की पाच महिन्यांत वेते, पुष्कळदा जुळी देते. तुरीचं कुटार (भुसा) घरचंच असतं. बुडवतं ते आजारपण. पीपीआर आणि आंत्रविषार या दोन लसी पशुवैद्यकीय दवाखान्यातून वेळेवर टोचल्या नाहीत तर चार दिवसांत गोठा रिकामा होतो. आंत्रविषाराची लस पावसाळ्याच्या आधी, कोवळा चारा फुटण्यापूर्वी घ्यायची.

कोंबड्यांची मानमोडीची लस अशीच, पिल्लं आठवड्याची झाली की. आपल्याकडे गावठी अंड्याला आणि कोंबड्याला भाव चांगला आहे.

म्हशीचं गणित वेगळं. दूध फॅटवर मोजलं जातं, सरकीची ढेप महाग, धारा दोन वेळा काढाव्याच लागतात, आणि उन्हाळ्यात पाणी कुणी वाहायचं? घरात दुसरं माणूस मदतीला असेल तरच.

धिंगरी अळिंबी (मशरूम) गावात होते का?

होते, सोयाबीनच्या किंवा गव्हाच्या कुटारावर होते. पण तिला साधारण २० ते ३० अंशांचं तापमान आणि ओलावा लागतो, म्हणून पावसाळ्यापासून हिवाळ्याच्या शेवटापर्यंतच. मार्चनंतर आपल्या उन्हात नाद करू नये. निर्जंतुक केलेल्या कुटारात बी भरून पिशव्या अंधाऱ्या खोलीत टांगल्या की तीन आठवड्यांच्या आसपास कोंब दिसू लागतात. ताजी अळिंबी एक-दोन दिवसच टिकते, त्यामुळे गिऱ्हाईक आधी शोधा. पावसाळ्यात सात्या, टेकोडे या रानातल्या अळिंब्या आवडीनं खाणाऱ्या झाडीपट्टीत ती खपवायला सोपी जाते; वऱ्हाडातल्या खेड्यात तालुक्याची हॉटेलं गाठावी लागतात. उरलेली वाळवून ठेवता येते.

आमचं गाव जंगलालगत आहे. तिथं काय करता येईल?

मोहफुलं, चारोळी, हिरडा, बेहडा कच्चे विकले तर व्यापारी सांगेल तो भाव. स्वच्छ वाळवून, निवडून, गटानं एकत्र विकलं तर भाव बोलता येतो. मोहाचे लाडू, मोहाचा पाक करून विकणारे गटही आहेत. बांबूकामाची आवड असेल तर चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथं चौकशी करा. टोपल्या-सुपांच्या पलीकडे दागिने, दिवे, राख्या असा माल शिकायला मिळतो, आणि राखीसारखी हलकी वस्तू घरात बसून होते.

मोबाइलवरून घरबसल्या महिन्याला ३०,००० मिळतात म्हणे. खरं आहे का?

जी जाहिरात असं म्हणते ती खोटी. पेन्सिल पॅकिंग, अगरबत्ती पॅकिंग, डेटा एंट्री: आधी "नोंदणी"चे ५०० मागतात, मग "साहित्या"चे २,०००, मग फोन बंद. डेटा एंट्रीवाले तर काम चुकलं म्हणून वकिलाची नोटीस पाठवतात आणि घाबरून बाया पैसे भरतात. भरू नका. टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करायचे १५०-२०० रुपये पहिल्या दिवशी खरंच देतात. ते आमिष आहे; पुढं हजारो गुंतवायला लावतात.

काम देणारा पैसे मागत नाही, पैसे देतो. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. कुणी "तुमचं खातं फक्त वापरायला द्या, महिन्याला पैसे देतो" म्हणालं तर साफ नाही म्हणा, कारण त्या खात्यातून चोरीचा पैसा फिरतो आणि पोलीस तुमच्या दारात येतात. फसवणूक झालीच तर लाजू नका, त्याच तासात १९३० वर फोन करा. जितका लवकर कळवाल तितका पैसा अडवला जाण्याची शक्यता जास्त. नवऱ्याला सांगायच्या भीतीनं दोन दिवस घालवले तर तो पैसा हातचा जातो.

मोबाइलवरची खरी कामं आहेत, पण साधी आहेत: आपल्याच मालाची विक्री, मराठी टायपिंग, शिकवणी. शिकलेली, बोलायला धीट असलेली बाई बीसी सखी होऊ शकते, म्हणजे गावातच बँकेचे पैसे काढून-भरून देण्याचं काम. त्यात व्यवहारागणिक कमिशन असतं. प्रभाग संघात, म्हणजे आसपासच्या गावांतल्या गटांच्या संघात विचारा.

फुकटात शिकायला कुठं मिळेल?

प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे, लोक तिला आरसेटी म्हणतात. शिलाई, पापड-लोणची-मसाले, शेळीपालन, ब्यूटी पार्लर असे वर्ग असतात. शिकणं, राहणं, जेवण मोफत. लेकराला घेऊन राहता येईल का ते नाव नोंदवतानाच विचारा. शेती आणि प्रक्रियेचं शिकायचं तर कृषी विज्ञान केंद्र: वर्ध्याला सेलसुरा, भंडाऱ्यात साकोली, चंद्रपुरात सिंदेवाही, वाशीमला करडा. अमरावतीकडच्या बायांना दुर्गापूर जवळ पडतं.

कर्ज घ्यावं का? कोणाकडून घ्यावं?

पहिल्या हंगामात कर्ज नकोच. गटातून जमा बचतीतले पाच-सात हजार घ्या, एक हंगाम फिरवा, परत करा. मग मोठ्या कर्जाचा विचार. गटातही "दोन रुपये शेकडा" म्हणजे वर्षाला २४ टक्के होतात, हे लक्षात असू द्या. बँकेकडून गटाला ३ लाखांपर्यंतचं कर्ज ७ टक्के दरानं मिळण्याची तरतूद आहे आणि त्याला तारण लागत नाही, म्हणून गटाची पंचसूत्री, दशसूत्री (बैठक, बचत, परतफेड यांचे ठरलेले नियम) पाळणं, पुस्तकं नीट ठेवणं हे कटकटीचं वाटलं तरी पैशाचंच काम आहे. एकटीला हवं असेल तर मुद्रा योजनेचं शिशू कर्ज ५०,००० पर्यंत विनातारण. गिरणी, कांडप यंत्र, पॅकिंग यंत्र घ्यायचं असेल तर सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदानाची तरतूद आहे; अर्ज सुरू आहेत का ते कृषी कार्यालयात कळेल.

दारात येणाऱ्या मायक्रोफायनान्सबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज, दुसरीसाठी तिसरीचं, असं करत घरातलं मंगळसूत्र गहाण पडलेली घरं आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. रिझर्व्ह बँकेचा नियम असा की घराच्या सगळ्या कर्जांचे महिन्याचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. वसुलीला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर येता येत नाही. शिवीगाळ, धमकी, शेजाऱ्यांसमोर अपमान हे सगळं नियमाबाहेर आहे. कर्ज लवकर फेडलं तर दंड नाही. ही कर्जं धंद्यासाठी म्हणून घेतली जातात आणि बियाणं, दवाखाना, लग्नात जातात. जो पैसा स्वतः पैसा आणणार नाही त्यावर आठवड्याचा हप्ता बांधून घेऊ नका.

धंदा सुरू केला तर लाडकी बहीण बंद होईल का?

नुसता धंदा किंवा उद्यम नोंदणी केली म्हणून नाही. अट कुटुंबाच्या वर्षाच्या उत्पन्नाची आहे, २.५ लाख. घरात कुणी आयकर भरत असेल किंवा ट्रॅक्टर सोडून चारचाकी असेल तरी अपात्र. महिन्याला ४,००० सुटले तर वर्षाचे ४८,००० होतात. ते घरच्या उत्पन्नात धरून तुम्ही मर्यादेच्या आत आहात का ते पाहा. १,५०० जातील म्हणून ४,००० कमवायचे सोडून देऊ नका.

पैसे नवऱ्याच्या खात्यात जमा झाले तर काय बिघडतं?

खातं तुमच्याच नावाचं हवं, क्यूआर कोडही त्याच खात्याचा. घरात भांडण म्हणून हे सांगत नाही. बँक कर्ज देताना तुमच्या खात्यातली उलाढाल पाहते. ती नवऱ्याच्या खात्यात दिसली तर कागदावर तुम्ही कमावतच नाही. शिवाय वावराच्या खर्चात मिसळलेला पैसा खतात गेला की पुढच्या वेळची डाळ आणायला हात रिकामा. घराला द्यायचं ते द्या, पण आधी पुढच्या मालाचं भांडवल बाजूला काढा.

सासूबाई "बाजारात काय बसायचं" म्हणत असतील तर त्यांना वड्यांच्या चवीवर देखरेखीला बसवा आणि त्यांच्या हाताचेही पैसे द्या. पुष्कळ घरांत हा प्रश्न असाच मिटलेला मी पाहिला आहे.

गावात सगळे उधारच मागतात. नाही कसं म्हणू?

आपल्याकडे पैसा वर्षातून दोन-तीनदाच येतो, सोयाबीन निघालं की आणि कापूस विकला की, त्यामुळे उधारी पूर्ण बंद करता येणार नाही. पण हद्द ठरवा. खाण्याचा माल रोखीनं, शिलाई निम्मे आगाऊ. उधारी द्यायचीच तर वहीत तारीख, रक्कम लिहून तिच्यासमोर वाचून दाखवा. एकीची एकच बाकी. ती फिटल्याशिवाय दुसरी नाही, मग ती जाऊबाई असो की सरपंचीणबाई. दिवाळीच्या आठवड्यात, सोयाबीनचे पैसे घरात असताना, वही घेऊन स्वतः दारोदारी जा. मार्चमध्ये मागाल तर तिच्याकडेही नसतील.